तीन ठिकाणी बघ

४ मार्च
सामान लागलं एकदाचं. नेटवरच्या माहितीवर किती विश्वास ठेवावा, हे लोकांना शिकवायला इथल्या ग्रंथालयाने मला नेमलंय. घर भाड्याने घेताना मीच फसले तर शोभेल का? म्हणून ताकही फुंकून प्यायले. तीन साइटवर अकरा जुन्या भाडेकरूंनी घराबद्दल लिहिलंय. फोटो खरे, तारखा जुळतात, एकाची भाषा दुसऱ्यासारखी नाही. सगळ्यांची लाडकी वरची खोली. स्वयंपाकघराची खिडकी मात्र माझ्यासारखीच हट्टी, दोनदा ढकलल्याशिवाय उघडत नाही.

पुढच्या आठवड्यात धाकटी बहीण कायमची राहायला येतेय. तिलाही मी हेच शिकवलंय: एकाने सांगितलं म्हणून मानू नकोस, तीन ठिकाणी बघ. ती म्हणते, ताईला नवरासुद्धा तीन ठिकाणी पडताळूनच लागेल.

७ मार्च
वरच्या खोलीच्या दाराला आतून कडी नाही. बाहेरून दोन आहेत. घरमालक म्हणाले, जुनं काम आहे. असेल.

तरी अकरांपैकी एकीच्या घरचा नंबर शोधून काढला. तिची आई बोलली. मुलगी त्या घरात राहायला गेली ती पुन्हा दिसलीच नाही म्हणे. पण मजेत आहे, नेटवर लिहीत असते. कालही लिहिलंय. आणखी चार घरी फोन लागले. चौघांचं तेच.

९ मार्च
बारावं मत आलंय. माझ्या नावाने, तिन्ही ठिकाणी. त्यात हट्टी खिडकीचं वाक्य आहे, जसंच्या तसं. ते मी फक्त या वहीत लिहिलं होतं. सोबत फोटो: मी वरच्या खोलीत झोपलेय. मी तिथे कधीच झोपले नाही.

१० मार्च
धाकटीला फोन करून सांगितलं, येऊ नकोस. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, हल्ली आवाज हुबेहूब काढता येतो. माझी ताई मला रोज फोटो पाठवतेय आणि मी तीन ठिकाणी बघितलंय. मग माझा नंबर ब्लॉक केला. शिकवलेलं इतकं नीट लक्षात ठेवलंय पोरीने. मी खूप रडले. उद्या दुपारी तिला स्टेशनवरच गाठते.

११ मार्च
जाग आली ती वरच्या खोलीत. दार बाहेरून बंद. मोबाइल नाही. वही उशाशी — पेन उघडून ठेवलेलं —

धाकटी फाटकापाशी आहे. मी काच ठोकतेय, ओरडतेय, पण ती माझ्याकडे बघतच नाही — मोबाइलमधला फोटो घराशी ताडून बघतेय. खिडक्या मोजतेय. मी शिकवलं तसंच.

जुळलं. हसली.

खाली दार उघडलं. कुणीतरी तिला लाडाने हाक मारली — माझ्या आवाजात — म्हणतेय, चल, आधी वरची खोली दाखवते —

जिन्यावर दोघींची पावलं. एक कडी निघाली. दुस