नावेत वर केलेला पदर

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमची लुगडी गोधड्यांत शिवली गेली आणि त्या गोधड्याही विरल्या. मला अक्षरं आली तीच उतारवयात, नातीच्या पाटीवर. काल आपल्या गल्लीतली एक नवी सून नावेत बसायला घाबरत होती, तर तिची सासू तिला सांगते, "काही होत नाही, रनाळ्याची म्हातारी सांगे तसं झाडकडे देख." रनाळ्याची म्हातारी म्हणजे तुम्ही. ऐकलं आणि मला तोंड कुठे लपवू असं झालं. म्हणून हे लिहायला बसले.

लग्नात मी एवढीशी होते. तुम्ही न्यायला आलात ते मी शहाणी झाल्यावर, वैशाखातल्या आखाजीचे झोके उतरले, पाऊस लागला त्यानंतर. तुम्ही, चुलतसासूबाई आणि मोठे मामंजी. मला झोक्यावरसुद्धा मळमळायचं, हे आईला ठाऊक होतं. तिनं माझ्या पदराला लिंबू बांधलं, मीठ लावलेला आल्याचा तुकडा दाताखाली दिला, पोटावर फडकं आवळून बांधलं. आणि एवढं सगळं करून वर लाडानं सांजोऱ्या खाऊ घातल्या! आता काय बोलायचं तिला.

प्रकाशा गावाच्या काठावरून नाव सुटते. तापीला आषाढाचं गढूळ पाणी, त्यात वारा. मी नवी सून, समोर मामंजी, म्हणून पदर पार हनुवटीपर्यंत. त्या पदराखालून मला दिसतं काय, तर माझे पाय आणि नावेच्या तळाशी इकडून तिकडे हेलकावणारं पाणी. आलं चावते, लिंबू नाकाशी धरते, देवाला हाका मारते. पण नदीच्या मध्यावर सांजोऱ्या बाहेर आल्याच, आणि त्याही तुमच्या पायांवर.

चुलतसासूबाई पुटपुटल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "हिले दिन जायेल शेतस का वं?" मी अजून नवऱ्याचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं हो! मामंजी नावाड्याला म्हणाले, "नाव फिराव रे. जठे व्हती तठे सोडी येऊत." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तशी परत गेले असते तर माहेरी, लोणखेड्यात, बायकांनी मला विहिरीवर उभं केलं नसतं, आणि बापाला मान वर करता आली नसती. वाटलं, उडी टाकावी.

तुम्ही उठलात. मला वाटलं, आता मुस्काटात बसते. पण तुम्ही माझा पदरच वर केलात, मामंजींसमोर, नावाड्यासमोर, आणि हनुवटीखाली हात घालून माझं तोंड उचललंत. "पोर, वर देख. पानीकडे देखू नको. त्या काठवर निंबनं झाड शे, तठेच नजर ठेव." मग मामंजींकडे वळून म्हणालात, "आते उलटी थांबनी ते ती पानीनी व्हती. नही थांबनी ते मी सोता हिले माहेरले सोडी येसू."

काठ लागेपर्यंत माझं तोंड पुन्हा उघडलं नाही. चुलतसासूबाईंचा संशय तिथेच फिटला. मामंजींनी मात्र, भर नदीत सुनेला उघडी केली म्हणून, तुमच्याशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. दळताना, पाण्याला जाताना, कुणी विषय काढला की तुमचं एकच, "मन्ही सून खरी निंघनी ना!" मी शेजारी खाली मान घालून बसायची, आणि बायकांना वाटायचं, किती लाजाळू सून आहे.

उपाय खोटा नाही, आत्याबाई. पुढे मी नावेत पाय ठेवल्यापासूनच पलीकडच्या झाडाकडे बघायची, आणि खरंच काही होत नसे. माझ्या सुनांचे पदर मी काठावरच वर केले, कोण काय म्हणेल ते म्हणो. पण त्या दिवशी उशीर झाला होता. त्या दिवशी थांबली नव्हती. निंब दिसला तेव्हा दुसरी उलटी तोंडात आलेली होती, आल्याच्या वासाची. मी ओठ गच्च मिटले आणि गिळून टाकली.

पोटात दुसरं काही नव्हतं, देवाशपथ. तरी तुम्ही लावलेल्या पैजेत मी खोटी निघाले, आणि जन्मभर तुम्ही मला खरी म्हणत राहिलात. हा कागद उद्या चुलीतच जाईल, नातीच्या हाती लागला तर हसेल.

काठावर उतरल्यावर तुम्ही तांब्यातलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलंत आणि मामंजींना ऐकू जाणार नाही असं म्हणालात, "चूळ भर. चांगली भर." तेव्हा मला वाटलं, पहिल्या उलटीसाठी म्हणत असाल. पण नावेत तुमचा हात माझ्या हनुवटीखाली होता, आत्याबाई. गिळताना गळा हलतो.