ऊन लागलेला डबा

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग काही गेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी बोलणार. समोर असतात तर ऐकून घेतलंच नसतंत.

धुळ्याचं आपलं स्वयंपाकघर. एका कोपऱ्यात आई भाकरी थापतेय, दुसऱ्या कोपऱ्यात तुमचं सोल्डर चरचरतंय. दिवसभर दुकानात लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचात आणि घरी आलात की माझा डबा घेऊन बसायचात. जुन्या रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, वर पायानं दाबायचं बटण. माझ्या गिटारचा आवाज त्यातून गेला की असा फाटून, घोगरा होऊन निघायचा, की जयंतीच्या कार्यक्रमात म्हाताऱ्या बायासुद्धा उठून बघायच्या, कोण वाजवतंय हे! आणि वाजवतेय कोण, तर तुमची दोन वेण्यांची पोर. ते ट्रान्झिस्टर तापले की मात्र आवाज मरायचा. "हाई म्हैस शे म्हैस," तुम्ही बजावायचात, "ऊन लागनं का बसनी." म्हणून उन्हाळ्यात डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या तिवईखाली. एकदा मी तो दारात विसरले, तर केवढे ओरडला होतात!

मग जळगावच्या ऑर्केस्ट्राचे मालक मला ऐकायला आले. जयंतीत त्यांनी तो आवाज ऐकला होता, आणि त्यांना तोच हवा होता. साधी गिटार वाजवणारे त्यांच्याकडे होतेच. पसंत पडले तर त्यांच्याबरोबर गावोगाव, पार सुरत-इंदूरपर्यंत. तुम्हीच त्यांना 'या' म्हणालात, अख्ख्या गल्लीत सांगून आलात. मे महिन्याची दुपार. ते चहा पितायत, मी गिटार घेऊन बसलेय, आणि तिवईखाली नुसतं फडकं. तेवढ्यात तुम्ही मागच्या पत्र्यावरून डबा घेऊन आलात. "सेल बदलाले लई गयथू. ध्यानमा नही राह्यनं." घेताना माझा हात पोळला हो आबा. सेल बदलायला नेलात, आणि तुमच्या ध्यानात राहिलं नाही? तुमच्या?

वाजवायला लागले. आवाज दोनदा खोकला आणि बसला. "डबा तापलाय, जरा थांबा," असं मी म्हणणार, तोच तुम्ही पाहुण्यांना म्हणालात, "पोरीचा हात अजून बसलेला नाही, साहेब." माझा हात! तुम्हीच ज्याचं कौतुक सांगत फिरायचात तो हात! ते उठले, गाडीची वेळ झाली म्हणाले. आणि तुम्ही गुपचूप कपबशा उचलून आत नेल्या. जन्मात कधी कपबशी उचलली होती का तुम्ही? तेव्हाच कळलं मला. केसानं गळा कापलात आबा, आणि तोही स्वतःच्या पोरीचा.

पुढं दोंडाईच्यात दिलंत मला. इथंही सगळे म्हणायचे, तुझे वडील म्हणजे देवमाणूस. मी मान डोलवायची, दुसरं काय करणार?

पोरगी गावोगाव फिरणार, लोक नावं ठेवणार, हीच भीती होती ना? मग तोंड नव्हतं का बोलायला? हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आईलासुद्धा नाही. राग एवढाच, की तुम्ही नुसतं "नको जाऊ" म्हणाला असतात ना आबा, तर मी गेले नसते.