तीन घास नूडल्स

॥ श्री ॥

परभणी
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय राजेश्री हिस,
शिवकन्येचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

त्या दिवशी आपल्या टेबलावर काय काय आलं आणि कितीला, ते आधी मांडते. सीफूड नूडल्स एक, तीनशे ऐंशी. व्हेज नूडल्स एक, दोनशे दहा. पाण्याची बाटली वीस; मी पिशवीतून घरची काढेपर्यंत वेटरने ती फोडलीच. बडीशेप फुकट, ती मी दोनदा घेतली. बिल तू दिलंस, म्हणून माझ्या वहीत नुसतं ‘राजेश्री आली’ एवढंच आहे.

हर्णैला तुझ्या दारात मासळी उतरते आणि बाईसाहेबांना समुद्र सोडून परभणीत येऊन सीफूड खायचं! मी इथं वरण-भाकरी करून बसले, तर तू म्हणालीस, पिंगळीच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीला एकदा तरी हॉटेलात बसवणार. बसले बाई.

आता मुद्द्याचं. फोनवर बोलायची सोय नाही. आमचे हे फोन स्पीकरवर टाकतात आणि जाऊबाई गोजरबाईंना नेमके तेव्हाच आमच्या ओसरीत बसून धने निवडायचे असतात. भर दुपारी पडदे ओढून लाल दिवे लावायची त्या हॉटेलवाल्याची हौस. त्या उजेडात वेटरने तुझी प्लेट माझ्यापुढं आणि माझी तुझ्यापुढं ठेवली असावी. मी तीन घास खाल्ले. वर तुला म्हणाले की यांचं पनीर आपल्या डेअरीवाल्यापेक्षा चांगलं आहे. त्यावर तू माझी प्लेट ओढलीस आणि तुझी पुढं सरकवलीस. मला वाटलं, शाळेपासूनची खोड, दुसऱ्याच्या डब्यावर डोळा. घरी पोचल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

राजेश्री, माझ्या गळ्यात अकरा वर्षांपासून तुळशीची माळ आहे. बावीस तारखेला सप्ताह बसायलाय. यंदा पहिल्यांदाच दुपारचा वीणेचा पहारा बायकांना दिलाय, आणि पहिलं नाव माझं आहे. वीणा घेणारीची माळ शाबूत पाहिजे. मासळी पोटात गेली असेल तर माळ महाराजांपुढं उतरवायची आणि पुढच्या शुद्ध एकादशीला ती परत गळ्यात पडेपर्यंत वीणेला हात लावायचा नाही. यादीत दुसरं नाव गोजरबाईंचं. पुढचं तू समजून घे.

म्हणून सरळ विचारते, ते पनीर होतं का? खरं तेच लिही. लोभ आहेच, तो माझ्यासारखाच काटकसरीनं पण रोज वापरत जा.

तुझी,
शिवकन्या

हर्णै
११ नोव्हेंबर २०२५

माळकरी शिवकन्याबाईंना,
मासे खाणाऱ्या राजेश्रीचा लांबूनच नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमन दोनदा पत्ता वाचून बघत होता. बँकेची नोटीस नसलेलं पाकीट त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं.

शिवे, उगी जीव टांगून घेऊ नकोस. बावीस वर्षं मी बंदरावर मासळी घेते. कोळीण खोटं बोलायला लागली की मला माशाच्या डोळ्यात कळतं. तुझ्या प्लेटीत होतं ते सोयाबीन. शुद्ध सोयाबीन, जिंतूरकडच्या शेतातलं, कोळंबीसारखं वळवलेलं. म्हणजे तीनशे ऐंशी रुपये मी सोयाबीनच्या वड्यांचे मोजले, आणि तरी रडायलीस तू! प्लेट बदलली ती मिरचीमुळे. तुझं पित्त मला पाठ आहे.

तेव्हा खुशाल वीणा घे. फोटो पाठव, आणि त्यात गोजरबाईंचं तोंड आलंच पाहिजे. आमच्या साहेबांचा तुम्हा दोघांना नमस्कार. माया असू दे, उपदेश थोडा कमी कर.

तुझीच,
राजेश्री

॥ श्री ॥

परभणी
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय राजेश्री हिस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी देवापुढं साखर ठेवली. मग भाजीला सोयाबीनच्या वड्या भिजत घातल्या, एक चावून बघितली, आणि देवापुढची साखर तशीच राहिली. वडी दाताखाली त्या दिवशीच्या घासासारखी तुटत नाही.

भाजी आणते म्हणून निघाले ती थेट त्या हॉटेलात. हातात हिशेबाची वही होती. मालक प्रीतम नावाचा तरणा माणूस. मी एवढंच विचारलं की सीफूडमध्ये सोयाबीन घालता का, तर त्याला घाम फुटला. वही बघून त्याला वाटलं, अन्नखात्याची बाई तपासणीला आली. फ्रीजर उघडला, बर्फाची पाकिटं काढली, हैदराबादच्या पावत्या मांडल्या. ताई, अस्सल कोळंबी आहे, सोयाबीनचा एक दाणा निघाला तर कुलूप लावा म्हणाला. मी मनात देवाचा धावा करायले की हा माणूस लबाड निघू दे. अख्ख्या शहरात एवढा सच्चा हॉटेलवाला, तो नेमका माझ्याच वाट्याला!

तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस म्हणून अर्धा राग गेला. अर्धा आहे.

सिताराम महाराजांकडं गेले. ते म्हणाले, नकळत खाल्लं त्याला दोष नाही, वीणा घे. मी पाया पडून उंबऱ्यापर्यंत आले आणि परत फिरले. राजेश्री, नकळत होता तो पहिला घास. दुसऱ्याला मला शंका आली होती. चव ओळखीची नव्हती, आणि लय चांगली होती. ते पनीरचं मी तुला नाही, स्वतःलाच ऐकवत होते. मग तिसरा घेतला. हे सगळं महाराजांना सांगितलं आणि माळ काढून त्यांच्यापुढं ठेवली. आता बोलताना हात सारखा गळ्याकडं जायलाय.

वीणा गोजरबाईंकडं गेली. त्यांनाही मी खरं सांगून टाकलं. त्यांचा विश्वास बसेना. म्हणाल्या, ही हॉटेलात चहा घेत नाही, कोळंबी कुठली खाणार, मला मान मिळावा म्हणून कारण काढायली. आता गल्लीभर माझ्या मोठ्या मनाचं कौतुक चाललंय आणि मला तोंड लपवायला जागा नाही.

एक डिसेंबरला एकादशी. त्या दिवशी महाराज माळ परत घालणार. जवळचं एक माणूस साक्षीला आण म्हणाले. मी विचारलं, मासे खाणारी मैत्रीण चालेल का? ते म्हणाले, मासे खाऊ दे, खरं बोलणारी पाहिजे. म्हणून जरा अडचण आहे. तरी तूच ये. तेवढा एक दिवस जमेल का, ते विचार करून परतीच्या टपालानं कळव.

तुझी,
शिवकन्या