जरा मोठ्यानं सांगा

बेल्मर, नेब्रास्का
१४ ऑक्टोबर, रविवार

डोरीन,

तू बरी असशील. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. परवा पहिलं हिव पडलं आणि माझी टोमॅटोची झाडं एका रात्रीत काळी पडली. मका काढायचं काम जोरात आहे. रस्त्यावरून सारखे ट्रक जातात, धुणं बाहेर घालायची सोय नाही, सगळा भुसा कपड्यांवर. चर्चच्या तळघरातलं सुगीचं जेवण गेल्या रविवारी झालं. तू नव्हतीस म्हणून कोबी-खिम्याचे बन पास्टरच्या बायकोनं केले. आतलं पीठ कच्चं राहिलं होतं, पण सगळ्यांनी मुकाट गिळले. भांडी घासताना बर्निस बोलून गेली, "डोरीनच्या हाताची चव नाही बाई." मग माझ्याकडे बघून तिनं जीभ चावली. गावाचं वर्षभर हेच चाललंय. तुझं नाव निघालं की माझ्या तोंडाकडे बघतात.

टेसा पहिलीत गेली. वरचा एक दात पडलाय. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

मी कामावर परत जायला लागले हे तुझ्या कानावर आलंच असेल. लोकांना ते विचित्र वाटतं. त्याच कोर्टात, त्याच खुर्चीत कशी बसते ही बाई? पण मी दुसरीकडे कुठे बसणार, सांग. नवरा गेल्यापासून मला दोनच जागा होत्या, एक ती खुर्ची आणि एक माझ्या केंड्राच्या स्वयंपाकघरातला कोपरा.

तू मला नेहमी विचारायचीस, "मार्लिस, इतकी भांडणं, इतकी पापं ऐकून तुझ्या पोटात राहतं तरी कसं?" मी हसायचे आणि म्हणायचे, पोटात जातच नाही गं, कानातून येतं आणि बोटांतून निघून जातं. ते खरं होतं. कोर्टाच्या लघुलेखिकेनं ऐकायचं आणि मशीनवर उतरवायचं. पटलं, नाही पटलं, किळस आली, रडू आलं, यातलं काही चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. सगळ्या खोलीत तिला एकच वाक्य बोलायची मुभा असते: "जरा मोठ्यानं सांगा, ऐकू आलं नाही." आणि ज्युरीला एखादी साक्ष पुन्हा ऐकायची असली तर ती वाचून दाखवायची, तीही सपाट आवाजात. जोर कुठेच द्यायचा नाही, कारण जोर दिला की अर्थ बदलतो. मला त्या सपाट आवाजाचा अभिमान होता, डोरीन. बाहेरच्या जिल्ह्यातले वकीलसुद्धा म्हणायचे, मार्लिस वाचते तेव्हा बाई वाचते की भिंत बोलते, कळत नाही.

केंड्राच्या खटल्यात मला ती खुर्ची सोडावी लागली. आमच्या जजसाहेबांनीही अंग काढून घेतलं आणि दुसरीकडचे जज आले. माझ्या जागी ब्रिन नावाची मुलगी आली, केंड्राहून थोडी लहान असेल. पहिल्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, मी तुमच्या खुर्चीची उंची बदलली नाही. मला चालते." काय बोलावं ते तिला सुचलं नसणार.

मी मागच्या बाकावर बसले. त्या कोर्टात इतकी वर्षं काढली, पण लोकांच्या बाकावर कधी बसले नव्हते. तिथून सगळं लांब दिसतं. वकिलांच्या फक्त पाठी दिसतात. आणि साक्षीदार बोलायला लागल्याबरोबर माझी बोटं मांडीवर हलायला लागली. मी ती थांबवायचा प्रयत्न केला. हात पर्सखाली दाबले, एकदा त्यांच्यावरच बसले. उपयोग झाला नाही. डॉक्टरनं केंड्राच्या छातीतल्या जखमेबद्दल सांगितलं, ते सगळं मी मांडीवर उतरवलं. गोळी कुठून शिरली, कुठे थांबली, केंड्रा किती वेळ शुद्धीवर असेल. बायका आजूबाजूला हुंदके देत होत्या आणि मी, तिची आई, एक शब्द न गाळता बोटं चालवत होते. माझ्या आत काहीही गेलं नाही. मला वाटलं, हे संपलं की जाईल. घरी गेले की जाईल. दफनाच्या वेळी गेलं नव्हतं, आता तरी जाईल. अजून गेलेलं नाही.

मग तुला बोलावलं.

तू तो निळा कोट घातला होतास, ट्रॉय-केंड्राच्या लग्नातला. दुसरा बरा कोट तुझ्याकडे नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून त्याचा मला राग आला नाही. तुझा ट्रॉय मान खाली घालून बसला होता. त्याच्या वकिलाचं म्हणणं तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं: दोघांचं वाजलं, तो बंदूक कपाटात ठेवत होता, झटापटीत गोळी सुटली. आपोआप सुटली. आणि सरकारी वकिलाला तुझ्याकडून एवढंच हवं होतं, की त्या संध्याकाळी टेसा तुझ्या ओट्याशी उभी राहून कणीक मळत असताना त्याचा फोन आला, तेव्हा तो काय म्हणाला.

तू काहीतरी बोललीस. कुणालाच ऐकू आलं नाही. ज्युरीतली माणसं पुढे झुकली.

ब्रिननं हात वर केला. "जरा मोठ्यानं सांगा, ऐकू आलं नाही."

तिचं बरोबर होतं. मी असते तर मीही तेच केलं असतं. तू तिच्याकडे पाहिलंस, मग ट्रॉयकडे, आणि पुन्हा तेवढ्याच आवाजात बोललीस. जज म्हणाले, "बाई, तुम्हाला त्रास होतोय हे कळतंय. पण नोंद व्हायला हवी." तेव्हा तू कठडा धरून उभी राहिलीस. साक्षीदारानं उभं राहायचं नसतं, पण तुला कुणी अडवलं नाही.

"तो म्हणाला, आई, टेसाला आज घरी आणू नकोस. मी केंड्राला गोळी घातली."

सरकारी वकिलानं विचारलं, "गोळी घातली, की गोळी सुटली? नेमकं काय म्हणाला?"

"घातली," तू म्हणालीस. "मी त्याला विचारलं, सुटली का रे? चुकून सुटली का? तो म्हणाला, नाही आई. घातली."

ट्रॉयनं टेबलावर डोकं टेकलं. मला त्या क्षणी आठवतं ते एवढंच, की तुझं वाक्य माझ्या बोटांतून पुरतं निघालं. मी काय ऐकलं, कोणी कोणाविरुद्ध काय सांगितलं, ते नंतर घरी अंडी फोडताना लक्षात आलं. एका आईनं स्वतःच्या मुलाला तुरुंगात घातलं होतं, माझ्या मुलीसाठी. बाहेर व्हरांड्यात तू माझ्यासमोर येऊन थांबलीस. तुझे ओठ हलले. मी तुझ्या बाजूनं निघून गेले. काय म्हणायचं होतं तुला? सांगू नकोस. आता नको.

दुसऱ्या दिवशी ज्युरीनं तीच साक्ष पुन्हा मागितली. ब्रिननं वाचली. चांगली वाचली, अगदी सपाट. "नाही आई. घातली." जणू किराण्याची यादी वाचतेय. मी आयुष्यभर लोकांच्या आयांसमोर, बायकांसमोर असंच वाचत आले. बाकावर बसलेल्याला ते कसं ऐकू येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या अंगावर धावून यायला हवं होतं.

शिक्षेच्या दिवशी जजनी मला बोलायला बोलावलं. मेलेल्याच्या घरच्यांना तो हक्क असतो. इतकी वर्षं मी तिथे इतरांचं ऐकलं होतं, पहिल्यांदाच माझी पाळी होती. काय बोलायचं ते मी स्वयंपाकघरात म्हणून पाहिलं होतं. केंड्रा हसताना नाकानं आवाज करायची, हे सांगणार होते. तिला वादळाची भीती वाटायची. ती त्याला सोडून माझ्याकडे येणार होती, पुढच्याच आठवड्यात, आणि मी तिच्यासाठी माळ्यावरची खोली रंगवत होते. मी उभी राहिले. ब्रिनची बोटं कळांवर तयार होती, मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. शब्द येईना. जज म्हणाले, "घाई नाही, बाई. सावकाश." म्हातारा बेलिफ लायल पाण्याचा ग्लास घेऊन आला. मी पाणी प्यायले. तरी नाही. शेवटी लायलनं माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाला, "चल मार्लिस. राहू दे." आणि त्यानं मला बाकावर आणून बसवलं.

माझ्या मुलीबद्दल त्या नोंदीत डॉक्टर आहे, पोलीस आहे, तू आहेस, तिला मारणारा आहे. मी नाही.

हे तुला तक्रार म्हणून लिहीत नाही. टेसाबद्दल लिहायचं होतं, त्यासाठी हे सांगावं लागलं.

कोर्टानं टेसाला माझ्याकडे दिलं. तुला तिला भेटू द्यायचं की नाही ते माझ्या मर्जीवर ठेवलं आणि मी नाही म्हटलं. तू पायरीवर बनांचा डबा ठेवून जायचीस, तो मी न उघडता बर्निसकडे पाठवला. टेसाच्या वाढदिवसाला तू गाडी रस्त्यापलीकडे उभी करून बसली होतीस, ते मी पडद्याआडून पाहिलं. माझ्यापाशी तिच्याखेरीज केंड्राचं काही उरलं नव्हतं. ती झोपली की तिच्या मानेचा वास घ्यायची मी. तो वाटून घ्यायला मी तयार नव्हते.

पण डोरीन, ती माझ्याशी बोलेनाशी झालीय.

सुरुवातीला खूप बोलायची. शाळेतून आली की टेबलाशी बसून सगळं सांगायची. मी समोर बसायचे, ऐकायचे. मला वाटायचं मी चांगली आजी आहे, नीट ऐकते. एकदा म्हणाली, "आजी, तू ऐकतेस, पण परत काही म्हणत नाहीस." मी म्हटलं, "म्हणते की गं." आणि पुढे काही म्हणू शकले नाही.

मग उन्हाळ्यात एके दिवशी दूध पिता पिता तिनं विचारलं, "बाबांनी मुद्दाम केलं का?"

असं विचारेल हे मला ठाऊक होतं. शाळेतल्या बाईंनी काय सांगायचं तेही समजावलं होतं. मी तोंड उघडलं आणि माझी बोटं टेबलावर चालायला लागली. तिचा प्रश्न उतरवत होती. बाबांनी, मुद्दाम, केलं, का. ती बघत राहिली. तिनं तिचा हात माझ्या हातांवर दाबला आणि म्हणाली, "आजी, थांब ना. थांब ना गं." मला थांबता आलं नाही. ती रडली नाही. उठली, ग्लास मोरीत ठेवला आणि अंगणात गेली. त्यानंतर ती मला काही विचारत नाही. हो, नाही, भूक नाही. परवा शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, टेसा वर्गात फक्त एका माणसाबद्दल बोलते. डोरीनआजी कोंबड्यांना नावं देते. डोरीनआजी कणीक मळताना खोटी खोटी गाणी रचते. डोरीनआजीला विचारलं की ती सांगते.

तू सांगतेस. तुझ्या मुलाविरुद्ध सांगायची वेळ आली तेव्हाही तू सांगितलंस. त्या पोरीला जे विचारायचं आहे ते ती तुला विचारेल आणि तू कठडा धरून का होईना, खरं सांगशील. माझ्याकडे राहिली तर ती माझ्यासारखी होईल. या घरात आताच दोन मुकी माणसं जेवायला बसतात.

येत्या शनिवारी ये आणि तिला घेऊन जा. भेटायला नव्हे, राहायला. वकिलाशी मी बोललेय, तो कागद करतोय. तो म्हणाला, "मार्लिस, तू काय करतेस तुला कळतंय का? त्या घरात?" मी म्हटलं, कळतंय.

तिचे कपडे मी आवरून ठेवते. झोपताना दार थोडं उघडं लागतं. वाटाणे खात नाही, लपवून खिशात घालते, म्हणून धुण्याआधी खिसे बघ. वादळ आलं की तिला जवळ घे, केंड्राचं तिनं तेवढं घेतलंय. केंड्रा कशी हसायची ते तिला करून दाखव. तुला येतं. मी करायला गेले की आवाज निघत नाही.

एक दिवस ती त्याला भेटायला मागेल आणि तू तिला तुरुंगात घेऊन जाशील. तो तुझा मुलगा आहे. मी नाही म्हणणार नाही, आणि मला तो हक्कही नाही. फक्त त्या दिवशी मला कळवू नकोस.

मी शनिवारी घरी नसेन. टेसा बर्निसकडे असेल, तिथूनच घे. मला ते दारातलं जमणार नाही. सोमवारी कोर्ट आहे, कुणाच्या तरी घटस्फोटाचं. मी खुर्चीत असेन.

केंड्राची आई,
मार्लिस