सुई घेतलेले दिवस

बाबा,

गेल्या सोमवारी पहाटे जिना उतरताना तुमचा गुडघा ऐकला. तीच कोरडी करकर. तुम्ही मागून येताय असं वाटून मी थांबलो, तर आवाजही थांबला. माझाच गुडघा होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, सुरतेच्या पांडेसऱ्यातली आपली ती खोलीही आता राहिली नाही. तरी कठडा धरून मी मागे वळून पाहिलं.

लहानपणी तुमचे गुडघे दुखलेले मला आठवतच नाहीत. मी गावी आईजवळ, शाळेत. तुम्ही इथे सुरतेत, मागावर दिवसभर उभे. गावी यायचात ते श्रावणात, कानबाई देवीच्या सणाला. ताठ चालत यायचात. विसर्जनाला देवीपुढे नदीपर्यंत अनवाणी नाचायचात आणि मी पोरांना सांगायचो, ते बघा माझे बाबा. सुरतेहून निघण्याआधी इथल्या गल्लीतल्या डॉक्टरकडून गुडघ्यात सुई घ्यायची तुमची रीत आईला माहीत होती. चुलीपुढून ती टोमणा मारायची, "सुई टोचीसन नाचतस, देवीले फसाडतस का?" तुम्ही हसायचात. "तिनीच डाक्टरले बुद्धी दिधी!" मला ती नवरा-बायकोची थट्टा वाटायची.

शाळा संपवून मी सुरतेला आलो, तेव्हा श्रावण सोडून तुमचं उरलेलं वर्ष पाहिलं. जिन्याच्या मधल्याच पायरीवर तुम्ही बसलेले असता, मांडीवर डबा. मला बघून उठायची धडपड करता. "काय झालं?" "काही नाही. बसनू जरासा." मग पुन्हा सुई, आणि दुखणं थांबलं की गावी गेलेल्या माणसाची पाळीही तुम्हीच उभं राहून काढायची. दुखत नाही म्हणजे बरं झालं, हे आपल्या सगळ्या मागवाल्यांचं गणित. शेवटी शेवटी एक सुई आठवडाभरही पुरेना.

सोमवारीच मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण आहेत. गुडघ्याचा एक्स-रे उजेडावर धरून म्हणाल्या, "दुखावो बंद थशे, काका. घसारो नहीं." दुखणं थांबेल, झीज नाही. मग हिंदीत समजावलं. हाडांच्या टोकांवर कूर्चेची गादी असते. सुईने सूज उतरते, दुखणं काही आठवडे गप्प बसतं. पण पुन्हा पुन्हा घेतली तर ती गादी लवकर झिजू शकते. एखादी चालेल, मात्र नंतर पायाला आराम हवा. मी विचारलं, माझ्या वडिलांचे गुडघे सुईनेच गेले का? "आता कोण सांगणार, काका? वय, उभं राहणं, सुई, सगळंच असेल." मला दोष द्यायला एकच काहीतरी हवं होतं. ते मिळालं नाही. घरी येताना मनातून जाईना: तुम्ही नाचत होतात तेव्हा आत काय झिजत होतं, आणि मी टाळ्या वाजवत होतो.

कानबाई आता आम्ही इथेच बसवतो. आज बसवली, उद्या विसर्जन. देवीपुढे हात जोडून डोळे मिटले की तुम्ही नाचताना दिसता. चेहरा दिसत नाही, नुसते गुडघे दिसतात.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहितो. काल मी सुई घेतली. मघाशी मुलगी म्हणाली, "पप्पा, आज तर एकदम मस्त चालताय! उद्या नाचणार ना?"

मी हो म्हणालो.