ताईच्या फोनमधलं गाढव

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या, निवृत्त आणि (सध्या) मिशी नसलेल्या भावाचा वाकून नमस्कार. मिशीचं पुढे येईलच. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढताना डाव्या पायावर भार देऊ नकोस असं मागच्या खेपेला सांगितलं होतं, ते तू ऐकलं नसशील, कारण माझं ऐकायची तुला लहानपणापासून सवय नाही. भावोजींचा खोकला कमी झाला असेल. नसेल तर त्यांना म्हणावं, गरम वाफ घ्या. वाफेबद्दल मी जे सांगतो ते तरी आपल्या घरात सगळे मुकाट ऐकतात.

पत्र का लिहितोय, भावोजींच्या फोनवर फोन का करत नाही, असं तू विचारशील. एक तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दुसरं म्हणजे विषय तुझ्या फोनचाच आहे. तो तू आमच्याकडे विसरून गेलीस त्याला आज एकोणचाळीस दिवस झाले. या काळात तुझे चार निरोप आले आणि मी चार कारणं दिली (खोकं मिळालं नाही, पार्सलवाला आजारी आहे, पार्सलवाला बरा झाला पण रजेवर गेला, पाऊस). चारही खोटी होती. वडिलांनी आपल्याला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. हे मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर स्वतःच्या मेहनतीने शिकलो.

आता खरं सांगतो, पण ते मुळापासून सांगावं लागेल. एकोणतीस वर्षं मी धुलाईच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. इस्पितळांच्या हजारो चादरी रोज आमच्या वाफेवर निघायच्या, आणि त्या वर्षांत माझ्या शिफ्टमध्ये आग एकदाही विझली नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा आम्ही ती विझवत नसू, राखेखाली निखारे दाबून ठेवायचो. अशा माणसाला एके दिवशी नारळ दिला आणि घरी बसवलं. (नारळ म्हणजे बोलायची पद्धत. प्रत्यक्षात घड्याळ दिलं. ते रोज चार मिनिटं मागे पडतं.) घरी काय करणार? स्वयंपाकघरात वाफ होती, म्हणून मी तिथे जाऊन बसलो. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ लिहायला लागलो. तिसऱ्या दिवशी ओट्याच्या वर पाटी लावली, ‘परवानगीशिवाय झाकण उघडू नये.’ चौथ्या दिवशी तुझ्या भावजयीने ती पाटी काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. भांडली असती तर बरं झालं असतं. बोलणं बंद म्हणजे फक्त ‘वाढलंय’ आणि ‘दार लावून घ्या’. असे दोन महिने गेले. तू राहायला आलीस तेव्हा आम्ही दोघं किती गोडीने वागतोय असं तू म्हणालीस. आम्ही तुझ्याशी बोलत होतो, ताई. एकमेकांशी नव्हतो.

तू गेलीस त्या दिवशी दुपारी मी दिवाणावर टेकलो, उशी दाबली गेली आणि तिच्याखालून घंटेचा किणकिण आवाज. पाहतो तर तुझा फोन, आणि फोनमध्ये एक गाढव पळतंय. करड्या रंगाचं, लांब कानांचं, गळ्यात घंटा. हिरव्या टेकड्या, मधूनच ओढा, मधूनच कुंपण. वर आकडा, दोनशे बारा किलोमीटर. मी तो आकडा दोनदा वाचला. आयुष्यभर आम्हा भावंडांना ‘रिकामे बसू नका’ म्हणून उठवणारी आमची ताई, आणि तिने गुपचूप दोनशे बारा किलोमीटर गाढव हाकलंय! मला राग यायला हवा होता, पण तुझ्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. तितक्यात पुढे कुंपण आलं, मी घाबरून काचेला बोट लावलं, आणि गाढवाने अशी ऐटीत उडी मारली की मी दिवाणावरून उठून उभाच राहिलो.

हे तुला सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. या खेळासारखी शहाणी गोष्ट मी पाहिलेली नाही. इथे कुणी हरत नाही, कुणी मरत नाही, कुणी पाठीमागे लागलेलं नाही. उडी चुकली तर गाढव कुंपणाला धडकतं, खाली बसतं, कान झटकतं आणि पुन्हा उठून चालायला लागतं. बस्स. साहेब येत नाही, चौकशी होत नाही, लेखी खुलासा मागत नाहीत. ज्या कामात एक चूक झाली तर छप्पर उडेल अशा कामात मी जन्म घालवला. मला पहिले दोन दिवस वाटत होतं की धडकल्यावर कुठेतरी भोंगा वाजणार. वाजला नाही. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम धडकवून पाहिलं. गाढव बसलं, कान झटकले, उठलं. मला चक्क भरून आलं, ताई. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसे मी मनातल्या मनात धरले.

पण सोबत जबाबदारीही आली. तू इतक्या कष्टाने दोनशे बारापर्यंत आणलेलं जनावर माझ्या हातून बंद पडलं तर तुला काय तोंड दाखवू? खेळ बंद केला की आकडा गेला, हे कुणी न सांगताही मला कळत होतं, कारण विझलेली आग तिथूनच पुढे पेटत नाही, पहिल्यापासून पेटवावी लागते. रात्रीची अडचण गाढवानेच सोडवली. बराच वेळ बोट लावलं नाही तर ते झाडाखाली थांबून चरत बसतं. मी ताबडतोब ओळखलं, हे निखारे दाबून ठेवणं आहे. फोन चार्जरला लावला, काच काळी होऊ नये अशी सोय शोधून काढली, आणि सकाळी सहाला पुन्हा कामावर. दिवसा मात्र चरणं नाही. दिवसा काम.

एकट्याने हे झेपणारं नव्हतं. आठवड्यातून एकदा रक्तदाब तपासायला जावं लागतं, आंघोळ असते, भाजी असते. शेवटी सहाव्या दिवशी मी नोंदवही घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभा राहिलो (आत जायला बंदी होती) आणि तुझ्या भावजयीला म्हणालो, दुपारी बारा ते चार कुणीतरी चार्ज घेतला पाहिजे. तिने माझ्याकडे पाहिलं, गाढवाकडे पाहिलं, हात पदराला पुसले आणि विचारलं, “याला पाणी कुठे पाजतात?” दोन महिन्यांनी ती मला काहीतरी विचारत होती. मी तिला ओढा दाखवला.

तेव्हापासून आमच्या रीतसर शिफ्ट चालतात. सहा ते बारा मी, बारा ते चार ती, चार ते आठ पुन्हा मी. वहीत वेळ, अंतर आणि ‘विशेष’ असे रकाने. चार्ज देताना मागच्या शिफ्टमध्ये काय काय घडलं ते पुढच्याला तोंडी सांगायचं, हा कारखान्याचा नियम मी इथेही लावला. कारखान्यात त्याला पाच मिनिटं पुरायची. इथे का कोण जाणे, पाऊण तास लागतो. गाढवापासून सुरू होतं आणि भलतीकडेच जातं. परवा तर मी तिला ते वाफेच्या पाइपाचं सांगितलं, ज्याने माझा दंड भाजला होता. ती म्हणाली, एकोणीस वर्षं मी त्या डागाला मलम लावलं, पण तो कसा झाला हे आज कळतंय. मी म्हटलं, तू विचारलं नाहीस. ती म्हणाली, तुम्ही थकून यायचात. मग चहा झाला. गाढव दोनदा धडकलं, ते वहीत लिहिलं.

संकटं आली नाहीत असं नाही. डॉक्टरांकडे गेलो ती वेळ माझ्या शिफ्टची. दंडाला पट्टा बांधायचा म्हणून डॉक्टर म्हणाले, फोन ठेवा खाली. मी म्हटलं, ठेवता येत नाही, जरा धरा. त्यांनी धरला. पट्टा फुगला, सुटला, आकडा आला, तो बघायला कुणी नव्हतं. डॉक्टर दोन टेकड्या ओलांडून ओढ्यापाशी पोचले होते. बाहेर सात पेशंट खोकत होते. शेवटी कंपाउंडर आत डोकावला तेव्हा त्यांनी फोन परत दिला, आणि मी वही पुढे केली, कारण चार्ज घेतला की सही करावी लागते. त्यांनी केली. कुणालाही वाचता येणार नाही अशी, पण केली. (दाब एकशे तीसवर आलाय. गोळी अर्धी केली. हे श्रेय मी गोळीला देत नाही.)

आणि मिशी. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर तो आपल्या गळ्याला कापड बांधतो आणि हात आत अडकतात. मी कापडाच्या आत, न बघता, नुसत्या घंटेच्या आवाजावर गाढव चालवत होतो. कुंपण जवळ आलं की घंटा जलद वाजते, हे मी कानाने ओळखायला शिकलोय. जो माणूस बॉयलरचा दाब आवाजावरून सांगतो त्याला हे अवघड नाही. पण न्हाव्याला काय कळणार? माझ्या पोटापाशी कापड हलतंय आणि आतून घंटा वाजतेय, म्हणून तो बिचारा वाकून बघायला गेला. मी त्याच वेळी जोरात उडी मारली (गाढवाची), आणि मिशीची डावी बाजू गेली. उजवी मग त्याने समतोल म्हणून काढली. घरी आलो तर तुझी भावजय पाच मिनिटं हसत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच माझा वरचा ओठ दिसला म्हणाली, आणि तो बरा आहे म्हणाली.

तर ताई, आज आकडा तीन हजार एकशे चाळीस आहे. फोन तुझा आहे, तो तुला मिळाला पाहिजे, यात दुमत नाही. पार्सलने पाठवणं मात्र अशक्य आहे. पार्सलला दोन दिवस लागतात आणि बॅटरी सहा तास पुरते. म्हणून आम्ही दोघं गुरुवारच्या सकाळच्या गाडीने स्वतः येतो आहोत. निम्मी वाट ती चालवेल, निम्मी मी. तू चार्जर भिंतीत लावून तयार ठेव. सोबत नोंदवही आणतो आहे, चार्ज घेतल्याची सही स्पष्ट अक्षरात कर.

भावोजींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – चरायला सोडायची वेळ आठ. सातला सोडू नकोस, त्याला सवय नाही.

ता. क. दुसरा – मोकळेपणाने लिहितो. गुरुवारनंतर आम्ही काय करणार ते मला माहीत नाही. बारा वाजता वही घेऊन उंबऱ्यापाशी जायची सवय झाली आहे. तुला त्या फोनची अगदीच निकड नसेल, तर गुरुवारी मी तो पुढे करीन तेव्हा जरा विचार करून घे. नको म्हणालीस तर मी आग्रह करणार नाही. बिलकुल करणार नाही.

ता. क. तिसरा, ह्यांच्या नकळत –

वन्सं, नमस्कार. पाकीट टपालात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून उघडलं. राग मानू नये. फोन तुम्ही खुशाल घ्या, तो तुमचाच आहे. ह्यांच्या दुसऱ्या ता. क.ला भुलू नका. फक्त एक विनंती आहे, गुरुवारी ह्यांच्यासमोर तो खेळ बंद करू नका. आमची परतीची गाडी सुटेपर्यंत तरी पळू द्या.

कारण तो बंद केला तरी काही होत नाही. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या शिफ्टमध्ये फोन जागच्या जागी थिजला. मी पायात ह्यांच्या चपला घालून मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात धावले, गल्लीभर रडत गेले. तिथल्या मुलीने अख्खा फोनच बंद करून चालू केला. गाढव होतं तिथेच उभं, आकडा तसाच. ती म्हणाली, आजी, हे कितीही दिवस बंद ठेवलं तरी आपोआप लक्षात ठेवतं. वहीत मी ‘विशेष काही नाही’ लिहिलं. तेव्हापासून रोज एक वाजता बंद करते, जेवते, पडते, आणि साडेतीनला उघडून थोडं पळवते. त्याच मुलीकडून एक जुना फोन घेऊन त्यातही हेच गाढव टाकून घेतलंय. सध्या ते शून्यावर उभं आहे. परतीच्या गाडीत ह्यांच्या हातात देईन.

बंद केलेलं चालतं हे ह्यांना कळलं तर शिफ्ट संपतील. एकोणतीस वर्षं हे दिवसभराचं सगळं कारखान्यात पुढच्या माणसाला सांगून, मोकळे होऊन घरी यायचे आणि जेवून झोपायचे. आता तो पुढचा माणूस मी आहे, वन्सं. मला एवढ्यात निवृत्त व्हायचं नाही.