मंदाची डावी बाजू

सोम., ३ फेब्रु.
शेअर रिक्षाने अकोट्याला, मंदाकडे. धाकटी बहीण, पण हट्ट माझ्या दुप्पट. परवा चेहऱ्याचं ऑपरेशन, कातडी ओढून सुरकुत्या घालवणार. एप्रिलात तिच्या मुलाचं, रोहनचं लग्न. म्हणते, "फोटोत मी थेट आपली आई दिसते." मी म्हटलं, आईत काय वाईट होतं? "तू गप ग ताई. तू तर आईच्याही वर गेलीस!" खूप हसलो.

बुध., ५
डॉक्टर गुजराती. तिला बसवून गालावर पेनाने रेघ ओढली. कानापासून ओठाकडे. मला म्हणाले, "मासी, चेहरा हलवणारी नस इथून जाते, दोऱ्याएवढी. कातडी उचलताना तिला जपायचं." मी बाहेर जप करत. दुपार टळली. नीट झालं म्हणाले.

गुरु., ६
पट्टी सैल करून डॉक्टर म्हणाले, "बेन, हसो जोईए." हसा बघू. उजवा ओठ वर गेला. डावा तिथेच. मंदा मला विचारते, "बरं दिसतंय ना?" म्हटलं, सूज आहे. खोटं नव्हतं, पण...
बाहेर डॉ. म्हणाले, नस कापलेली नाही, शेवटपर्यंत डोळ्यांसमोर होती. ताण बसला असणार. येईल परत. कधी? "आठवडे. कदाचित महिने." हात जोडले. दुसरं काय करणार.

रवि., १६. संकष्टी
टाके निघाले. चहा डावीकडून गळतो. रोहनचा व्हिडिओ कॉल आला की 'नेट नाही' सांगते. आरशासमोर व्यायाम करायला सांगितलाय, हिने आरशावर चादर टाकलीय. आज म्हणाली, "ताई, समोर बस. तू हस, मी बघून करते." हसू असं येतं का? "नीट हस की! मयताला आल्यासारखी काय बसलीस?" हसले.
देवाला काय मागू? त्याने थोडंच सांगितलं होतं हे करायला. तरी मागितलं.

शनि., १ मार्च
पूजा उरकून रोज तिच्यासमोर. ह्यांचा डबा उशिरा, हिशेब पडून. रोहनच्या होणाऱ्या सासूबाई उद्या भेटायला येतायत. मंदा म्हणते, ताप आलाय कळव. मी नाही कळवलं, आणि याच असंही म्हटलं नाही.
आज करता करता तिच्या डाव्या ओठाच्या टोकाला काही हललं. की उजवीकडून ओढलं गेलं? मंदा थांबली. "हललं ना? खरं सांग."
चष्मा पुसला. म्हटलं, पुन्हा कर. तिने केलं. पुन्हा म्हटलं. ती करत राहिली.